पुतळे आणि चित्रे काय सांगतात?

चित्रकलेचा तास आणि नागरिकशास्त्राचा तास वेगळे असतात. त्यामुळे कलेचा राजकारणाशी संबंध नाही, असे आपल्याला वाटते. पण चेन्नई आणि श्रीपेरुंबुदूर येथील तीन कलाकृती पाहिल्या, की प्रत्येकीत एकच प्रश्न दिसतो : 'आपण कोण?' उत्तर मात्र प्रत्येकीचे वेगळे आहे.

पहिली कलाकृती मरीना किनाऱ्यावर आहे. चेन्नईत सर थॉमस मन्रो या ब्रिटिश गव्हर्नरचा घोड्यावर बसलेला पुतळा १८३९ पासून उभा आहे. उंच चौथरा, त्यावर घोडा आणि घोड्यावर सत्ताधीश. १९५९ मध्ये मरीनावर देवीप्रसाद रायचौधरी यांचे 'श्रमाचा विजय' हे शिल्प बसवले गेले. त्यात घोडा नाही, पुढारी नाही. चार मजूर सगळा जोर लावून एक प्रचंड दगड हलवत आहेत. त्यांना नावेही नाहीत. भारतातला पहिला कामगार दिन १९२३ मध्ये सिंगारवेलर यांनी याच शहरात साजरा केला होता. चौथऱ्यावर गव्हर्नरऐवजी मजूर आला, म्हणजे देश कोणाचा याचे उत्तर बदलले.

दुसरी गोष्ट चित्रांची. इंग्रजांनी काढलेल्या कलाशाळांत युरोपीय पद्धत शिकवली जाई. स्वातंत्र्यानंतर चित्रकारांपुढे पेच होता : युरोपची नक्कल करायची की फक्त जुनेच गिरवायचे? मुंबईत १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप काढला, तो याच काळात. मद्रासमध्ये रायचौधरींचे विद्यार्थी के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६३ च्या सुमारास 'शब्द आणि चिन्हे' ही चित्रमालिका सुरू केली. त्यांत मल्याळमसारखी दिसणारी अक्षरे, गणिताची चिन्हे आणि कुंडलीसारख्या आकृत्या आहेत. ती अक्षरे वाचायला गेलो तर बहुतेक ठिकाणी अर्थ लागत नाही. पण हे चित्र कोणत्या मातीतले आहे, ते लगेच कळते. १९६६ मध्ये पणिक्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्राजवळ चोलमंडल हे कलाकारांचे गाव वसवले. हस्तकलेच्या वस्तू विकून ते पोट भरत आणि चित्रे मात्र स्वतःच्या मनासारखी काढत. 'चोलमंडल' या नावावरूनच युरोपीयांनी 'कोरोमंडल' केले होते. कलाकारांनी मूळ नाव परत घेतले.

तिसरी कलाकृती श्रीपेरुंबुदूरची. २१ मे १९९१ रोजी येथे माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची बॉम्बस्फोटात हत्या झाली. त्यांच्याबरोबर इतरही अनेक जण गेले. त्यांत बंदोबस्तावरचे पोलीसही होते. त्या जागेवरच्या स्मारकाचे उद्घाटन २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी केले. तेथे सात स्तंभ आहेत : धर्म, सत्य, न्याय, विज्ञान, त्याग, शांती आणि समृद्धी. हे शब्द समजायला मराठी मुलाला तमिळ यावे लागत नाही. पणिक्करांनी आपल्या प्रदेशाची खूण चित्रात आणली. येथे मात्र साऱ्या देशाला समजतील असे शब्द निवडले आहेत. जेथे देशाला हादरवणारा हल्ला झाला, तेथे देशाला जोडणारी मूल्ये उभी करणे हेसुद्धा राजकीय उत्तरच आहे. त्यात सूडाचा स्तंभ नाही, हे आपण कॅडेट्‌सनी विशेष लक्षात घ्यावे.

म्हणून एखादा पुतळा किंवा चित्र पाहताना 'छान आहे' म्हणून पुढे जाऊ नये. तीन प्रश्न विचारावेत. यात कोणाला जागा दिली आहे? कोणाला दिलेली नाही? आणि हे कोणाला समजावे म्हणून केले आहे? उत्तरे शोधताना त्या काळाचा इतिहास आपोआप उलगडतो. आपण ज्या देशाच्या रक्षणाची तयारी करतो, तो नकाशावरच्या सीमेइतकाच या दगडांत आणि रंगांतही आहे.