फुफाटा म्हणजे उडून चाललेला रस्ता

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की सोलापूर जिल्ह्यातल्या पाणंदींवर फुफाटा उठू लागतो. उसाच्या ट्रॉल्या दिवसरात्र धावतात आणि कडेच्या डाळिंबाच्या, द्राक्षाच्या पानांवर राखाडी थर चढतो. ओरड झाली की टँकरने पाणी मारतात. दुपारपर्यंत पुन्हा तेच. मी अभियंता नाही. पुस्तकं वाचून आणि रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून माती चोळत जे उमगलं ते एवढंच, की धूळ ही रस्त्यावर साचलेली घाण नव्हे. तो रस्ताच आहे.

मुरूम म्हणजे ऊनपावसाने कुजलेला आपला काळा पाषाण. त्यात खडे असतात, वाळूसारखे कण असतात आणि थोडी चिकणमाती. भार खडे पेलतात. त्यांना धरून ठेवते ती चिकणमाती, तीही जरा ओल असेपर्यंत. वाळली की चाकाखाली तिचं पीठ होतं आणि वारा ते नेतो. मागे राहिलेले सुटे खडे चाकोरीबाहेर फेकले जातात, मग पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात. जोंधळ्याच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना तुटते, तसंच हे. टँकरचं पाणी ओल देतं, उडून गेलेली माती परत आणत नाही.

मग शेजारच्या रानातली काळी माती मिसळावी का? मिसळावी, पण हात राखून. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाईट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढी भेग पाडतं. जास्त झाली की पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतलाच. अंदाजासाठी काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मुरूम, वर पाणी, आणि जोरात हलवावं. मिनिटभरात वाळू तळाला बसते. चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. पाणी लगेच निवळलं तर त्या मुरमात धरून ठेवणारं काही नाही.

काळ्या मातीवरचा खात्रीचा उपाय चुना. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांना एकत्र आणतं, फुगणं कमी होतं, आणि पुढे महिनोन्‌महिने सिमेंटसारखी संयुगं तयार होत राहतात. प्रमाण साधारण 3 ते 5 टक्के. पण हिशेब करून पाहा: 3 मीटर रुंद रस्त्याचा 15 सेंटिमीटर थर, 4 टक्के चुना, म्हणजे एका किलोमीटरला जवळपास 30 टन! एवढा खर्च ग्रामपंचायतीला झेपत नाही. माझ्या मते चुना सगळीकडे पसरू नये. ओढ्याजवळ, जिथे खाली निव्वळ काळी माती आहे, तेवढ्याच तुकड्यात घालावा.

आपल्याकडे मळी मुबलक, तिने धूळ बसते हेही खरं. मात्र ती पाण्यात विरघळते, पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते, शिवाय तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे. परदेशात कॅल्शियम क्लोराईड टाकतात. ते हवेतली ओल ओढून घेतं. आपल्या एप्रिलच्या दुपारी हवेत ओढायला फारसं काही नसतं.

जळकं ऑइल मात्र कुणी फुकट दिलं तरी रस्त्यावर ओतू नये. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या टाइम्स बीच या गावात 1970च्या दशकात धूळ दाबायला टाकाऊ तेल फवारलं होतं. त्यात डायॉक्सिन हे विष होतं. 1982 साली ते उघड झालं आणि पुढे सरकारला अख्खं गाव विकत घेऊन रिकामं करावं लागलं. आपल्या पाणंदीच्या कडेला तर विहिरी असतात.

सगळ्यात स्वस्त गोष्ट राहूनच जाते, ती म्हणजे मधला उंचवटा. 3 मीटरच्या रस्त्याचा मध्य कडांपेक्षा निदान 6 सेंटिमीटर उंच हवा, दोन्ही बाजूंना चर हवेत. पाणी साचलं तर चुना, मळी, काहीच टिकत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून मुरूम भर उन्हात कोरडाच पसरला जातो, अन् रोलर नुसता वरून फिरतो. कोरडे कण एकमेकांत बसत नाहीत. बसण्यासाठी पुरेशी ओल लागते, फार झाली तरी दबाई होत नाही. सप्टेंबरचा पाऊस सरला की जमिनीत ती आयती असते. मुठीत मुरूम दाबावा. लाडू वळला, हाताला पाणी सुटलं नाही आणि खाली टाकल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे झाले, की रोलर बोलवावा.