सिव्हिलवाले पुढे करतात काय?

ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू झालेल्या गिरगाव मेट्रो स्थानकात भाचीने विचारलं, "मामा, सिव्हिल करून उन्हातच उभं राहायचं ना?"

माझं क्षेत्र जिओटेक्निकल, म्हणजे माती-खडकांचं. मग काय, सुटलोच!

वर जुन्या चाळी, गल्ल्या अरुंद. म्हणून या स्थानकाचा काही भाग वरून न खणता जमिनीखालूनच 'नाटम' पद्धतीने काढला. थोडा खडक फोडायचा, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, मगच पुढे.

अशा कामात वर कुणीतरी इमारतींच्या भिंतींवर कल मोजणारे टिल्टमीटर, भेगांवर क्रॅकमीटर लावून आकडे वाचत असतं. आकडा मर्यादेबाहेर गेला की रात्री-अपरात्री फोन! ही आमची नोकरी.

बाकी कुणी डिझाइनला, कुणी टेंडरला. बरेच आयटीत, त्यांना लखलाभ.

शाखा निवडताय? बिनधास्त विचारा.