मागच्या चाकाची वाट

“मामा, 160 घेऊ की 170?” पुण्याहून भाचा विचारतो, नाशिकहून मित्राचा मुलगा विचारतो, आणि इथे सॅन होजेत गणेशोत्सवाच्या जेवणात मोदकाची ताटली सांभाळत कुणीतरी नवखा विचारतोच. आकडा मिलिमीटरचा असतो. धक्का बसल्यावर डोंगरी सायकलचं चाक जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतं, ते सांगणारा. याला ट्रॅव्हल म्हणतात. पुढे फोर्क आणि मागे शॉक असला की ती फुल सस्पेन्शन सायकल. शर्यतीच्या हलक्या सायकलला 100 ते 120, नेहमीच्या ट्रेलला 120 ते 150, दगडधोंड्यांच्या दांडग्या उताराला 150 ते 170 आणि लिफ्टने वर जाऊन नुसतं खाली यायचं त्या डाउनहिल सायकलला 200, असा ढोबळ हिशेब. माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच आहे: आकडा मागाहून, आधी मागच्या दांड्यांची रचना बघ. पुढे काय येणार हे भाच्याला ठाऊक असल्यामुळे तो लगेच “मामा, मीटिंग आहे” म्हणतो. अंकाच्या वाचकाला तशी सोय नाही, त्याचा फायदा घेतो.

इतिहास भराभर उरकतो. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरिन काउंटीत, काही हुन्नरी पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावर सोडायला सुरुवात केली. 21 ऑक्टोबर 1976 रोजी फेअरफॅक्स गावाजवळ रिपॅक नावाच्या उतारावर पहिली शर्यत झाली. तीनेक किलोमीटरमध्ये 1,300 फुटांचा उतार. तळाशी पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं, हब उघडून नवं भरल्याशिवाय दुसरी खेप नाही, म्हणून नाव रिपॅक. 1977 मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी सायकल बांधली, 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी धंदा थाटला, 1981 मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर आली, 1990च्या सुमारास रॉकशॉक्सचा जेमतेम दोन इंच ट्रॅव्हलचा फोर्क आला आणि 1996 मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. फेअरफॅक्सला सायकलींचं छान संग्रहालय आहे, इकडे आलात तर जा. बाकी इतिहास तिथे.

आता माझ्या आवडीचं. सांगलीला वालचंद कॉलेजात ‘थिअरी ऑफ मशिन्स’च्या तासाला चार दांड्यांची यंत्रणा काढून काढून बोटं दुखायची. समोरासमोरच्या दोन दांड्यांच्या रेघा वाढवायच्या, त्या जिथे छेदतील तो क्षणिक केंद्रबिंदू. यंत्रणा जरा हलली की बिंदूही सरकला. याचा पुढे उपयोग काय, असं आम्ही कँटीनमध्ये म्हणायचो. उपयोग मला कॅलिफोर्नियात, एका सायकल दुकानाच्या भिंतीवर टांगलेला सापडला.

सर्वांत साधी रचना एका पिव्हटची. दार बिजागरीवर फिरावं तसं मागचं चाक एकाच बिंदूभोवती फिरतं. बेअरिंग कमी, धुणं सोपं, कुरकुर शोधायला सोपी. ब्रिटनमधल्या ऑरेंज कंपनीने या रचनेवर नाव कमावलं. अडचण अशी, की केंद्रबिंदू एकदा ठरला की ठरला. पेडल मारताना सायकल कशी वागणार आणि ब्रेक दाबल्यावर कशी वागणार, हे दोन्ही त्या एका बिंदूने बांधलं जातं.

पेडल मारताना काय होतं ते नीट समजून घ्यावं, कारण लांब ट्रॅव्हलच्या सायकलीचा चढावरचा बरा-वाईटपणा इथेच ठरतो. पेडल दाबलं की सायकल पुढे जाते, भार मागे सरकतो आणि मागचा शॉक दबू लागतो. दर पेडलला असं झालं की सायकल डुलते आणि चढणारा वैतागतो. पण त्याच क्षणी ताणलेली चेन आणि पुढे रेटणारं चाक मिळून शॉक उघडायला बघतात. दोन्हींचा जोर सारखा झाला की डुलणं थांबतं. तक्त्यांमध्ये त्या स्थितीला 100 टक्के अँटी-स्क्वाट म्हणतात. मग चेनची मदत आणखी का घेऊ नये? कारण ती मदत हवी तर चाक वर जाताना मागचा ॲक्सल पेडलच्या ॲक्सलपासून लांब सरकावा लागतो, मधली चेन ओढली जाते आणि ऐन दगडांत पेडल पायाला उलटा हिसका देतं. म्हणून चांगला रचनाकार स्वार बसलेल्या स्थितीत आकडा शंभराच्या आसपास ठेवतो आणि चाक आणखी वर जाईल तसा तो उतरवत नेतो. सरकणारा केंद्रबिंदू हवा तो यासाठी.

तो व्यवहारात आणण्यात मोठा वाटा हॉर्स्ट लाइटनरचा. हा ऑस्ट्रियाचा मोटोक्रॉस शर्यतपटू कॅलिफोर्नियात लगुना बीचला स्थायिक झाला. त्याने मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे, खालच्या दांडीवर, एक जादा पिव्हट घातला. त्यामुळे चाक मुख्य दांडीवरून सुटून जोडदांडीवर आलं आणि ब्रेक दाबलेला असतानाही सस्पेन्शन मोकळं राहू लागलं. 1998 मध्ये स्पेशलाइज्डने त्याची पेटंटं विकत घेतली आणि अमेरिकेत इतरांची पंचाईत झाली. काहींनी तोच पिव्हट ॲक्सलच्या वर नेला. दिसायला चार दांड्या, पण चाक पुन्हा एकाच बिंदूभोवती. काही युरोपीय कंपन्या ही रचना घरी विकत, अमेरिकेत विकू शकत नसत. 2013च्या सुमारास मुदत संपली आणि मग ज्याच्या त्याच्या फ्रेमवर तो पिव्हट दिसू लागला.

पेटंटच्या नावाने बोटं मोडणारे पुष्कळ. माझ्या मते त्या अडसराने आपलं भलंच केलं, कारण इतरांना डोकं चालवावं लागलं. दोन आखूड जोडदांड्या एकमेकींच्या उलट फिरवण्याची आउटलँड कंपनीची कल्पना सांता क्रूझ कंपनीने उचलून नावारूपाला आणली, ती व्हीपीपी. डेव्ह वीगलने अशाच दोन दांड्या एका दिशेने फिरवल्या, तो डीडब्ल्यू-लिंक. आयबिस आणि पिव्हट या कंपन्यांची भिस्त त्याच्यावर. सांता क्रूझ आणि आयबिस या दोन्ही कंपन्या सांता क्रूझ गावातच आहेत. हातातला चहा थंड होईपर्यंत दोन्ही पंथांचे भक्त तिथे भांडताना ऐकले आहेत. मी आयबिसच्या बाजूचा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे तरफेचं गुणोत्तर. 160 मिलिमीटर ट्रॅव्हलच्या सायकलचा शॉक आत जातो जेमतेम 65 मिलिमीटर, भागाकार 2.46. ही सरासरी झाली. चांगल्या लांब ट्रॅव्हलमध्ये सुरुवातीला गुणोत्तर जास्त असतं, म्हणजे बारीक खडेही चाक सहज गिळतं, आणि शेवटी ते कमी होतं, म्हणजे मोठ्या उडीला शॉक टणक होऊन तळाला आपटत नाही. गुणोत्तर फार असेल तर शॉकमध्ये हवा फार भरावी लागते, आणि माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या माणसाला हे आधी विचारून घ्यावं लागतं.

हे सगळं कागदावर पटत नसेल तर डाउनिव्हिलला जा. सिएरा नेवाडातलं हे गोल्ड रशच्या काळातलं चिमुकलं गाव. व्हॅनमध्ये सायकली लादून 7,000 फुटांच्या आसपासच्या पॅकर सॅडलवर सोडतात आणि तिथून सुमारे 25 किलोमीटर बुचर रँच, थर्ड डिव्हाइड अशा ट्रेल्सनी 2,900 फुटांवरच्या गावात यायचं. तीक्ष्ण कडांचे धोंडे, पाइनच्या मुळ्या, ओढे. इथे 170 मिलिमीटरची स्पेशलाइज्ड एंड्युरो मी भाड्याने घेऊन चालवली आणि राजासारखा खाली आलो. तीच सायकल सांता क्रूझजवळच्या सोकेल जंगलातल्या गुळगुळीत फ्लो ट्रेलवर मला मठ्ठ वाटली. आयबिस रिपमोच्या दुसऱ्या आवृत्तीचा मागचा ट्रॅव्हल 147, पुढचा 160. डाउनिव्हिलला ती थोडी हाणते, पण सोकेलला परतीच्या चढावर तिच्यासारखी साथ नाही. महिन्यात जे ट्रेल चार वेळा करता त्यांच्यासाठी सायकल घ्या, वर्षातल्या एका सहलीसाठी भाड्याची मिळते.

भूमितीबद्दल लिहिणं कर्तव्य आहे म्हणून लिहितो: हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) 64-65 अंश, सीट ट्यूबचा कोन 76 ते 78, चाकं 29 इंची, वरखाली होणारा ड्रॉपर सीटपोस्ट, चार पिस्टनचे ब्रेक, वजन 14 ते 16 किलो. आजच्या लांब ट्रॅव्हलच्या बहुतेक चांगल्या सायकली या चौकटीत बसतात, त्यात डोकं शिणवू नये. टायर मात्र स्वस्तातले नकोत.

फेरी मारून बघताना पहिलं काम सॅगचं, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते बघण्याचं. नेहमीचे कपडे, हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर घेऊन सायकलवर बसा. शॉकवरचं रबरी कडं सरकवून हलकेच उतरा आणि मोजा. 65 मिलिमीटरच्या शॉकला 30 टक्के म्हणजे साडेएकोणीस मिलिमीटर. हे न मोजता दिलेल्या फेरीवरून सायकलबद्दल काहीही मत करू नका. विक्रेता घाईत असेल तर स्वतः पंप मागून घ्या. एप्रिलमध्ये मॉन्टेरीजवळ लगुना सेका इथे सी ऑटर क्लासिक हा सायकलमेळा भरतो, तिथे एका ठिकाणी अनेक कंपन्यांच्या सायकली चालवून पाहता येतात.

आता पुण्या-नाशिककरांसाठी. आपल्या टेकड्यांचा मुरूम आणि घसरडी माती यांना 120-130 भरपूर होतात. लांब ट्रॅव्हल हवाच असेल तर पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी विचारा. मागच्या दांड्यांची बेअरिंगं इथे मिळतात का, कारण पावसाळ्यातला चिखल त्यांना दोन-तीन मोसमांत खातो. आणि शॉक कोण उघडणार? रॉकशॉक्स दर 50 तासांच्या स्वारीनंतर फोर्कच्या खालच्या नळ्या आणि शॉकचा हवेचा डबा साफ करून तेल-ग्रीस घालायला सांगते. हे काम करणारा माणूस तुमच्या शहरात नसेल, किंवा स्वतः शिकायची तयारी नसेल, तर तेवढ्याच पैशांत मागे शॉक नसलेली उत्तम हार्डटेल घ्या.