बांधावरची भोके : आधी फोटो, मग औषध



गेल्या हंगामात एक सभासद गट ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, बांधाला गांधीलमाश्यांनी भोके पाडलीत, जालीम औषध सांगा." आम्ही जाऊन पाहिले. भोके पेन्सिल जाईल एवढी होती, पण गांधीलमाशी नव्हती. मातीत बीळ करणारी निळ्या पट्ट्यांची रानमाशी होती. औषध पडले असते तर नुकसान शेजारच्या वांग्याचे झाले असते.

या माशीला राणी नाही, पोळे नाही. प्रत्येक मादी आपले बीळ स्वतः खणते, आत लहान कप्पे करते, पराग व मकरंद भरते, अंडे घालते आणि कप्पा बंद करते. अनेक माद्या शेजारी-शेजारी खणतात म्हणून मोहोळ असल्यासारखे वाटते. राखायला पोळे नसल्याने ती पाठलाग करत नाही. मुठीत धरली तर मात्र डंख मारते.

आपण उसाचे बेणे लावतो, त्याला माशी लागत नाही. पण वांगी-टोमॅटोचा पराग आतच अडकलेला असतो. ही माशी फुलाला बिलगून अंग थरथरवते, तेव्हा तो झडतो आणि फळधारणा सुधारते. मधमाशीला हे जमत नाही.

फोटो असे काढावेत :

१) सकाळी लवकर जावे. ऊन तापण्यापूर्वी माशी सुस्त असते. नर रात्री जबड्याने काडी धरून झोपतात, ते तर हलतही नाहीत.

२) वरून, बाजूने व तोंडासमोरून असे तीन फोटो घ्यावेत. मागचे पाय स्पष्ट यावेत.

३) भोकाशेजारी रुपयाचे नाणे ठेवून एक फोटो घ्यावा. तारीख, गट नंबर व फुलाचे नाव टिपावे.

आता ओळख. काळ्या पोटावर फिकट निळे पट्टे, छातीवर पिंगट केस आणि मादीच्या मागच्या पायांच्या केसांत कोरडा पराग, ही आपली माशी. मधमाशीच्या पायावर परागाची ओलसर गोळी असते. गांधीलमाशीचे अंग गुळगुळीत, कंबर बारीक आणि पायावर पराग नाही. दोनच पंख व आखूड मिशा दिसल्या तर ती साधी माशी समजावी. फोटोवरून गट कळतो, नेमकी जात पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. पण औषध मारायचे की नाही हे ठरवायला गट पुरे.

हुमणीसाठी आळवणी करताना औषध सरीतच द्यावे, बांधावर ओतू नये. भोकांच्या जागी खणू नये. फुलावरच्या वांग्याला फवारणी करावीच लागली तर ती सायंकाळी करावी.

बांधावर अशी भोके दिसली तर औषधाची बाटली उघडण्याआधी फोटो घेऊन गट ऑफिसात यावे, ही विनंती.