पार्किंगचे पट्टे: स्वतः मारायचे की ठेकेदाराला द्यायचे?



समजा, बीडजवळ हायवेला लागून तुमचं मंगल कार्यालय आहे. तुळशीचं लग्न झालं की तारखा सुरू. मुहूर्त साडेबाराचा आणि सगळे पाहुणे बाराला एकदम. जागा 20 गाड्यांची, पण आखणीच नाही, म्हणून बसल्या 14. बाकीच्या थेट राष्ट्रीय महामार्ग 52 च्या कडेला. त्यात नवरदेवाचीच गाडी अडकली! वधूपिता जेवणाची चव विसरेल, पण हे विसरणार नाही. पुढचं बुकिंग तिथंच जातं.

म्हणून पट्टे हवेतच. प्रश्न एवढाच, की मारायचे कुणी?

आधी जमीन बघा

मुरमाची जागा असेल तर रंगावर एक रुपयाही घालू नका, टिकणार नाही. तिथं लग्नाच्या आदल्या दिवशी चुन्याची फक्की मारा. पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील तर पट्ट्याच्या जागी वेगळ्या रंगाचे ब्लॉक बसवून घ्या, रंगाची कटकटच संपली. रंगाचा खरा विचार काँक्रीट किंवा डांबरावर करायचा. काँक्रीट नवीन असेल तर किमान 28 दिवस थांबा.

मापं लिहून घ्या

कारसाठी 2.5 बाय 5 मीटर, दुचाकीसाठी 1 बाय 2 मीटर. समोरासमोर दोन रांगा असतील तर मधे 6 मीटर रस्ता सोडा. दाराजवळ दिव्यांगांसाठी एक जागा 3.6 मीटर रुंद ठेवा. म्हणजे साधारण 27 बाय 16 मीटरमध्ये 20 गाड्या नीट बसतात.

आता रंग किती लागेल? एका रांगेत 10 गाड्या म्हणजे 11 पट्टे. दोन रांगांचे 22. प्रत्येकी 5 मीटर, एकूण 110 मीटर. पट्टा 10 सेंटीमीटर रुंद धरला तर फक्त 11 चौरस मीटर! दोन हात मारले तर 22. एका लिटरमध्ये 8 चौरस मीटर धरा, पावणेतीन लिटर झाले. खडबडीत काँक्रीट जास्त पितं, म्हणून 4 लिटर आणा. बघा, रंग हा यातला छोटा खर्च आहे. खरी मेहनत घासण्यात आणि आखणीत आहे.

हिशोबात स्वतःची मजुरी धरा

हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावातले भाव तुम्ही टाका. रंग, थिनर, रोलर, मास्किंग टेप, तारेचा ब्रश: 3,500. दोन मजूर, दोन दिवस, 600 रुपयांनी: 2,400. तुमचे स्वतःचे दोन दिवस, 1,000 रुपयांनी: 2,000. एकूण 7,900.

ठेकेदार म्हणाला 12,000 आणि वर 18 टक्के जीएसटी. झाले 14,160.

स्वतः केलेलं स्वस्त वाटतं ना? पण तुमचे पट्टे एक वर्ष टिकले आणि त्याचे दोन वर्षं, तर तुमचा दोन वर्षांचा खर्च 15,800. म्हणजे ठेकेदारच स्वस्त! म्हणून भाव विचारण्याआधी "किती टिकेल?" हे विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

मग ठरवायचं कसं?

जागा 20-25 गाड्यांची, काँक्रीटची, आणि हातात दोन-तीन मोकळे दिवस असतील तर स्वतः करा. ऑइलचे डाग डिटर्जंटने धुवा, एक दिवस वाळू द्या. गवंड्याची लाईनदोरी आणि गुण्या घेऊन आखा. घरचा ऑइल पेंट नको, रोड मार्किंगचाच रंग घ्या. भर दुपारी तापलेल्या काँक्रीटवर मारू नका, सकाळचं काम सकाळी उरका.

डांबरावर रोज शेकडो गाड्या फिरत असतील, म्हणजे मोठा दवाखाना किंवा मोठं दुकान, तर थर्मोप्लास्टिक करून घ्या. तो माल साधारण 200 अंशांपर्यंत तापवून ओततात, ते घरी करायचं काम नाही. मशीन बाहेरगावाहून येणार असेल तर येण्या-जाण्याचा खर्चही तुमच्याच बिलात येतो. म्हणून शेजारच्या दोन-तीन व्यावसायिकांनी मिळून एकदाच बोलवा.

आणि यातच एक धंदा आहे

परळीत वैद्यनाथाला श्रावणात आणि महाशिवरात्रीला गर्दी, अंबाजोगाईला योगेश्वरीला नवरात्रात गर्दी. लॉज, हॉटेल, मंगल कार्यालय, सगळ्यांनाच पार्किंगची अडचण. स्वतःची जागा नीट आखलीत, तर तेच तुमचं पहिलं सॅम्पल. त्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवा. उद्यम नोंदणी मोफत आहे. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. आज जे काम बाहेरचा माणूस करून जातो, ते उद्या तुम्ही तालुक्यात करू शकता.

आजचा गृहपाठ: टेप आणि वही घ्या, तुमची जागा मोजा, वरची दोन्ही गणितं तुमच्या आकड्यांनी करा. पाऊस संपल्यावर आणि तुळशीच्या लग्नाआधी काम उरका. एकदा सीझन सुरू झाला की जागा रिकामी मिळत नाही!