स्वयंचलित गवतकापणी यंत्र आणि ‘अडथळ्या’ची व्याख्या

‘दूरनियंत्रित’ आणि ‘स्वयंचलित’ ही दोन विशेषणे मराठी लेखनात पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजली जातात. गवत कापणाऱ्या यंत्रांसंबंधी लिहिताना मात्र हा सैलपणा परवडणारा नाही; कारण या दोन प्रकारच्या यंत्रांपासून संभवणारे अपघात मुळातच भिन्न आहेत. दूरनियंत्रित यंत्र रस्त्याकडेच्या किंवा बंधाऱ्याच्या तीव्र उतारावर चालविले जाते. यंत्र घसरणे, उलटणे, पात्यांखालचा दगड दूरवर उडणे, हे तेथील मुख्य धोके होत. चालकाची नजर यंत्राच्या तोलावर खिळलेली असल्यामुळे वाटेने येणारा मनुष्य त्याच्या ध्यानात उशिरा येतो, हे खरे. तथापि पाहणारा कोणी तरी तेथे असतोच. स्वयंचलित यंत्रातून नेमका हा पाहणाराच वगळलेला आहे.

अशा यंत्रांची विक्री युरोपात १९९५ च्या सुमारास सुरू झाली. बागेच्या कडेने जमिनीत पुरलेल्या तारेतील विद्युत्‌संकेत ही यंत्राची सीमा. त्या सीमेच्या आत ते दिशा बदलीत हिंडते आणि दररोज गवताचे केवळ शेंडे छाटते. अलीकडच्या काही यंत्रांत तारेऐवजी उपग्रहांवरून स्थाननिश्चिती करतात. यंत्राचा आवाज अत्यंत कमी असल्यामुळे ते रात्री सोडून देण्याची प्रथा पडली.

यंत्राला ‘अडथळा’ कळतो तो कसा, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. ज्या यंत्रांत कॅमेरा वा तत्सम साधन नसते, त्यांचे बाह्य कवच कशावर तरी आदळून किंचित सरकले म्हणजे यंत्र मागे फिरते. म्हणजे जे पुरेशा जोराने प्रतिकार करते तेवढेच त्याच्या लेखी अस्तित्वात असते. यंत्र उचलले गेल्यास वा उलटल्यास पाती थांबावीत, अशी व्यवस्थाही त्यात असते. ही सारी रचना मनुष्याला समोर ठेवून झालेली आहे. आंतरराष्ट्रीय सुरक्षामानकातील चाचण्यांत पायाच्या आकाराचे नमुने वापरतात, ते याचमुळे. जो पाय नव्हे आणि ज्याला वजनही फारसे नाही, असा जीव या व्याख्येबाहेर राहतो.

युरोपीय हेजहॉग हा असा जीव आहे. (इंग्रजी-मराठी भाषांतरांत त्याला कधी कधी ‘साळू’ म्हटलेले आढळते, ते चूक होय. साळिंदर हा कृंतक वर्गातील, आकाराने कितीतरी मोठा प्राणी. हेजहॉग कीटकभक्षी आहे. त्याचा एक भाऊबंद गुजरात-राजस्थानच्या कोरड्या प्रदेशात आढळतो.) हा प्राणी निशाचर असून संकट आले असता पुष्कळदा पळण्याऐवजी अंगाचा काटेरी गोळा करून जागीच बसतो. कोल्ह्यापुढे हा उपाय चालतो. फिरत्या पात्यांपुढे स्थिर बसण्यासारखे अनर्थकारक दुसरे काही नाही.

डॅनिश संशोधिका सोफी लुंड रासमुसेन व त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ प्रकारच्या यंत्रांची परीक्षा अन्य कारणांनी मेलेल्या हेजहॉगांवर घेतली. प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावाचून एकाही यंत्राला प्राण्याची जाणीव झाली नाही. २०० ग्रॅमहून कमी वजनाची, आईवर अवलंबून असलेली पिले तर एकालाही ओळखता आली नाहीत. मात्र सर्व यंत्रे सारखीच घातक ठरली असे नव्हे. काहींनी प्राण्याला नुसते ढकलले, तर काहींनी गंभीर इजा केली. आघात होताच मागे वळणारी सुटी पाती आणि त्यांच्याखालची संरक्षक तबकडी असलेली यंत्रे तुलनेने सौम्य आढळली. धोका हा स्वयंचलनाचा अटळ परिणाम नसून बराचसा रचनेचा दोष आहे, असा याचा अर्थ होतो. आणि उत्पादकांच्या दृष्टीने ही गोष्ट अधिक अडचणीची आहे.

प्रत्यक्ष हानी मोजणे कठीण. जखमी हेजहॉग ओरडत नाही. तो झुडपात लपतो आणि तास-दिवस लोटल्यावर सापडतो, किंवा सापडतच नाही. बर्लिनमधील आन्ने बेर्गर यांनी जर्मनीतील अशा छेदजखमांच्या ३७० नोंदी संकलित करून २०२४ साली प्रसिद्ध केल्या. त्यांतील जवळजवळ निम्मे प्राणी दगावले होते. प्रत्येक जखम स्वयंचलित यंत्राचीच होती असे सिद्ध करता येत नाही, आणि नोंदले गेले तेवढेच प्राणी जखमी झाले असेही मानता येत नाही. याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत या प्राण्याची नोंद ‘जवळपास संकटग्रस्त’ या वर्गात झाली.

कोलोन शहराने २०२४ मध्ये अशा यंत्रांच्या रात्रीच्या वापरास बंदी केली. उपाय सोपा आहे आणि निशाचर प्राण्यापुरता योग्यही आहे. परंतु त्याने यंत्राची समज तसूभरही वाढत नाही. दिवसा गवतात दडलेल्या बेडकाला वा सरड्याला त्याचा उपयोग नाही. रासमुसेन यांच्या गटाने २०२४ मध्ये पुढची पायरी गाठून सुरक्षाचाचणीची एक पद्धती सुचविली. तीत मृत प्राण्याऐवजी हेजहॉगची कृत्रिम प्रतिकृती यंत्राच्या वाटेत ठेवावयाची असते. ही चाचणी मानकात समाविष्ट झाल्यास ‘अडथळा’ या शब्दाच्या व्याख्येत पायाच्या नमुन्याशेजारी एका काटेरी गोळ्यालाही स्थान मिळेल.