वर्दी राजाला नाही

पहाऱ्याचा साधा नियम आहे: जागेवर उभा असलेल्याने येणाऱ्याला हटकायचं. बजाजनगरातून वाळूज एमआयडीसीत नाइट शिफ्टला जाणाऱ्या कुणालाही विचारा. गेटवरचा वॉचमन कार्ड बघतो. आत शिरणारा कामगार वॉचमनला ‘कोण रे तू?’ असं दरडावत नाही. ‘हॅम्लेट’ची सुरुवात नेमकी उलटी आहे. एल्सिनोरच्या तटावर रात्री बाराला बर्नार्डो पाळी बदलायला येतो आणि पहाऱ्यावरच्या फ्रान्सिस्कोला तोच हटकतो. भुताचा अजून पत्ता नाही, पण माणसं टरकलेली आहेत हे पहिल्याच वाक्यात कळून चुकतं.

१६००च्या आसपासचं हे नाटक लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात भर दुपारी, उघड्या आभाळाखाली होत असे. दिवे घालवायची सोयच नव्हती. तेव्हा अंधार पाडायचा तो संवादांनी: आवाजावरून ओळख पटवणं, कडाक्याची थंडी, साधा उंदीरही हलला नसल्याची फ्रान्सिस्कोची ग्वाही. जे दोन रात्री दिसलं त्याला सुरुवातीला कुणी धड नावही देत नाही.

साक्षीदार म्हणून होरेशिओला आणलंय. हा विटेनबर्गला शिकलेला, असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारा. बर्नार्डो कालची हकिकत सांगायला बसतो. आकाशातला तारा कुठे होता, घंटा किती वाजली, इथवर येतो आणि वाक्य अर्धवट असतानाच भूत समोर उभं! मला ही जागा सगळ्या प्रवेशात सर्वांत कसबी वाटते. आपण गोष्ट ऐकायच्या तयारीत असतो, बघायच्या नव्हे. दिवंगत राजाचं रूप, अंगावर चिलखत. एक शब्दही न बोलता ते निघून जातं. मग होरेशिओ नॉर्वेशी असलेलं जुनं वैर सांगतो. युद्धाची तयारी रात्रंदिवस चालू आहे, जहाजं बांधणाऱ्या कारागिरांना रविवारची सुटीदेखील नाही. एरवी कंटाळवाणी झाली असती अशी ही माहिती आपण जीव मुठीत धरून ऐकतो, कारण भूत पुन्हा येणार हे ठाऊक असतं. ते येतं, बोलणार असं वाटतं, तोच कोंबडा आरवतो. ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणी तोंड उघडूनच रंगमंचावर येतात, हे भूत मात्र पाचव्या प्रवेशापर्यंत मुकं राहतं.

मराठीत हे भूत आणलं कुणी, तर गोपाळ गणेश आगरकरांनी! बुद्धिवादाचा हा आग्रही पुरस्कर्ता, सनातन्यांनी ज्याची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली तो. मला तर ते होरेशिओच्याच जातकुळीचे वाटतात. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना त्यांनी ‘हॅम्लेट’चा अनुवाद हाती घेतला, आणि १८८३मध्ये तो ‘विकारविलसित’ या नावाने छापून आला. खटला तरी कशाचा होता? कोल्हापूरच्या तरुण राजाला वेडा ठरवून कारभारी त्याचा छळ करतात, असं ‘केसरी’त लिहिल्याचा. वेडा म्हटला गेलेला राजपुरुष, दरबारातली कारस्थानं, मध्ये गोरे साहेब. त्याच १८८३च्या डिसेंबरात चौथे शिवाजी महाराज नगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर वारले. तेव्हाच्या वाचकाला एल्सिनोर फार लांबचं वाटलं नसावं.

पुढे गणपतराव जोशी यांनी हॅम्लेटची भूमिका गाजवली, नाना जोगांनी नवा अनुवाद केला, आणि २०१८मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तो सुमीत राघवनला घेऊन रंगभूमीवर आणला. कुलकर्णी औरंगाबादचे, ‘जिगीषा’तले. म्हणजे आपल्याच गावचे. हौशी मंडळी भूत म्हटलं की धूर आणि हिरवा दिवा काढतात. इथे त्याची फारशी गरज नाही. दोन घाबरलेले शिपाई नीट बोलले तरी भागतं.

एक गोष्ट मात्र दिग्दर्शकांनी निसटू देऊ नये. प्रवेशाच्या आरंभी बर्नार्डोची ओळख पटते ती राजाचा जयजयकार केल्यावर. तटावर काही विपरीत घडलं तर वर्दीही राजालाच जायला हवी. पण पहाट होताच होरेशिओ सुचवतो, हे तरुण हॅम्लेटच्या कानावर घालू. सोबतचा पहारेकरी मार्सेलस एका शब्दाने हरकत घेत नाही. उलट राजपुत्र सकाळी कुठे भेटेल तेही त्याला ठाऊक आहे. गादीवरच्या राजाला का सांगायचं नाही, हे कुणी विचारत नाही.